उत्तर कारेलिया प्रकल्प

फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया या प्रांतात 1972 ते 1997 या काळात राबविण्यात आलेला हृदयविकार-प्रतिबंधाचा लोकव्यापी कार्यक्रम. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद होऊन वा बंद पडून जो विकार उद्भवतो, त्यास हृद्‌रोहिणी विकार म्हणतात. आहार, धूम्रपान व रक्तदाब यांच्याशी निगडित अशा नित्याच्या सवयी बदलल्यास या विकाराने होणारे अकाली मृत्यू टाळता येतील काय, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाबाहेर, एका संपूर्ण प्रांताच्या जीवनात शोधण्याचा हा आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक प्रमुख प्रयत्न होय. सवय ही वरवर पाहता व्यक्तीची खासगी बाब वाटते. परंतु ती स्वयंपाकघर, दुकान, दुग्धालय, शेजार व कायदा यांच्या जुळणीतून घडते आणि ही जुळणी बदलली म्हणजेच ती मोठ्या प्रमाणावर बदलते, ही गोष्ट या प्रकल्पाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोहिण्यांचे कठिनीभवन हा वार्धक्याचा अटळ परिणाम आहे, असा समज वैद्यकीय क्षेत्रात रूढ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोप-अमेरिकेत ऐन उमेदीतील पुरुष हृदयविकाराने दगावण्याचे प्रमाण वाढू लागले, तेव्हा या समजाची फेरतपासणी सुरू झाली. ती मुख्यतः निरोगी माणसांच्या मोठ्या समूहांचे दीर्घकाल निरीक्षण करून करण्यात आली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी 1948 मध्ये 5,209 स्त्रीपुरुषांचे निरीक्षण सुरू झाले आणि रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 पासून डॉक्टरांच्याच धूम्रपानाच्या सवयींची नोंद ठेवून त्यांच्या मृत्यूंची कारणे तपासली.

याच सुमारास जे. एन. मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृद्‌रोहिणी विकाराचे प्रमाण कमी होते आणि विकार झालाच, तर त्याचे स्वरूपही तुलनेने सौम्य असे. एकाच संस्थेत काम करणाऱ्या व सारख्याच सामाजिक थरातील माणसांमध्ये हा फरक आढळल्यामुळे शारीरिक हालचालीच्या महत्त्वाकडे संशोधकांचे लक्ष वेधले.

आहाराच्या प्रश्नाला चालना मिळाली ती अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अँसेल कीज यांच्या ‘सात देशांच्या अभ्यासा’मुळे. 1958 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात अमेरिका, फिनलंड, नेदर्लंड्स, इटली, यूगोस्लाव्हिया, ग्रीस व जपान या देशांतील 40 ते 59 वर्षे वयाच्या सु. 12,700 पुरुषांची तपासणी करण्यात आली. फिनलंडमधील काम मार्टी कार्व्होनेन यांच्या मार्गदर्शनाखाली 1959 मध्ये सुरू झाले. त्यासाठी पश्चिम फिनलंडमधील एक व पूर्वेकडील एक असे दोन ग्रामीण विभाग निवडले होते. पूर्वेकडील विभाग म्हणजे उत्तर कारेलियातील इलोमान्त्सी हा परिसर होय. हृद्‌रोहिणी विकाराचे सर्वाधिक प्रमाण याच पूर्व फिनलंडमध्ये आढळले. उलट ग्रीसमधील क्रीट बेटावर ते अत्यल्प होते. क्रीटमधील आहारात स्निग्ध पदार्थ कमी होते असे नाही. पण ते प्रामुख्याने ऑलिव्ह तेलातून येत, तर फिनलंडमध्ये ते लोणी व सायीचे दूध यांतून येत. त्यामुळे स्निग्ध पदार्थांच्या एकूण मात्रेपेक्षा त्यांचा प्रकार महत्त्वाचा असावा, या विचाराला बळ मिळाले.

पूर्व फिनलंडच्या निष्कर्षातील सर्वांत बुचकळ्यात टाकणारी बाब म्हणजे येथील पुरुष आळशी अथवा सुखवस्तू नव्हते. जंगलतोड व शेती हे त्यांचे व्यवसाय. कडाक्याच्या थंडीत लाकूड तोडण्याइतके कष्टाचे काम क्वचितच असेल. तरीही चाळिशी-पन्नाशीतील लाकूडतोडे हृदयविकाराने मृत्युमुखी पडत. शारीरिक श्रम हृदयाला हितकारक असले, तरी प्रतिकूल आहार व धूम्रपान यांचे परिणाम एकट्या श्रमाने भरून निघत नाहीत, असा याचा अर्थ होता.

प्रांत व लोकजीवन : सु. 1,80,000 लोकवस्तीचा उत्तर कारेलिया हा अरण्ये व सरोवरे यांनी व्यापलेला, विरळ वस्तीचा व त्या काळी देशातील गरीब समजला जाणारा प्रांत होता. योएन्सू हे त्याचे मुख्य ठिकाण. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएट रशियाकडे गेला व तेथील लोक विस्थापित झाले. त्यांना व युद्धावरून परतलेल्या सैनिकांना 1945 च्या कायद्यान्वये जमिनी देण्यात आल्या. थंड हवामानामुळे फळे व भाजीपाला यांची लागवड बेताचीच होई. गुरे पाळणे व दूध काढणे हाच छोट्या शेतकऱ्याचा आधार होता. युद्धकाळातील टंचाई सोसलेल्या पिढीला पावावर जाड थर देऊन लावलेले लोणी, सायीचे दूध, डुकराचे मांस व खारवलेले मासे म्हणजे सुबत्तेची खूण वाटे. भाजी हे गुरांचे खाद्य, अशी भावना अनेक पुरुषांत होती. कॉफी उकळून पिण्याची पद्धत होती व तीही कोलेस्टेरॉल वाढविणारी असते, हे पुढे सिद्ध झाले. युद्धात सैनिकांना लागलेली सिगारेटची सवय शांततेच्या काळातही सुटली नव्हती.

1972 मधील पाहणीत या जीवनक्रमाचे परिणाम आकड्यांत उतरले. 100 मिलि. रक्तरसातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण पुरुषांत सरासरी 265 मिग्रॅ.हून अधिक होते. रक्तदाबाची सरासरी पुरुषांत 149/92, तर स्त्रियांत 153/92 होती. म्हणजे सर्वसामान्य माणसाचा रक्तदाबच विकाराच्या सीमारेषेवर होता. निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. सु. 90 टक्के लोक पावाला लोणीच लावीत आणि स्वयंपाकात वनस्पतिजन्य तेलाचा वापर जवळजवळ नव्हताच.

प्रकल्पाचा आरंभ : आपल्या प्रांताचे नाव हृदयविकाराच्या संदर्भात जगभर घेतले जाते, याची जाणीव स्थानिक जनतेला होती. ज्या गावांत जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने एखादा कर्ता पुरुष गमावला होता, तेथे ही केवळ संख्याशास्त्राची बाब नव्हती. जानेवारी 1971 मध्ये प्रांताचे राज्यपाल एसा टिमोनेन, प्रांतातील संसद सदस्य व विविध संघटनांचे प्रतिनिधी यांनी शासनाकडे एक विनंतिअर्ज सादर केला व या संकटाच्या निवारणासाठी तातडीने साहाय्य मागितले. मागणी लोकांकडून आलेली असल्यामुळे पुढील कार्य बाहेरून लादलेले ठरले नाही. फिनिश हृदय संघटना, तज्ञ मंडळी व जागतिक आरोग्य संघटना यांच्या विचारविनिमयातून योजना तयार झाली आणि 1972 मध्ये प्रत्यक्ष कार्यास सुरुवात झाली. प्रमुख म्हणून पेक्का पुस्का यांची निवड झाली. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. वैद्यकाबरोबरच सामाजिक शास्त्रांचेही शिक्षण त्यांनी घेतले होते व त्याचा ठसा प्रकल्पाच्या आखणीवर उमटलेला दिसतो.

धूम्रपान कमी करणे, कोलेस्टेरॉल वाढविणाऱ्या संतृप्त स्निग्ध पदार्थांऐवजी वनस्पतिजन्य तेले व भाजीपाला आहारात आणणे आणि वाढलेला रक्तदाब वेळीच ओळखून ताब्यात ठेवणे, ही तीन उद्दिष्टे ठरविण्यात आली. केवळ अतिजोखमीच्या रुग्णांना शोधून औषध देण्याऐवजी सबंध लोकसंख्येची सरासरी खाली आणण्यावर भर होता. यामागील युक्तिवाद असा, की बहुतेक मृत्यू मध्यम जोखमीच्या माणसांत घडतात. कारण त्यांचीच संख्या सर्वाधिक असते. परिणामांची तुलना करण्यासाठी शेजारच्या क्वोपिओ प्रांताची संदर्भक्षेत्र म्हणून निवड करण्यात आली व दर पाच वर्षांनी पाहणी करण्याचे ठरले.

कार्यपद्धती : प्रारंभीच्या काळात पत्रके, वृत्तपत्रांतील लेख व व्याख्याने यांवर भर होता. मात्र लोकांना माहिती नाही एवढीच अडचण नसून माहिती असूनही ती आचरणात आणण्याची सोय नाही, हे लवकरच ध्यानात आले. दुकानात कमी स्निग्धांशाचे दूधच मिळत नसेल, तर ते पिण्याचा उपदेश निरर्थक ठरतो. म्हणून प्रकल्पाने घरगुती व सार्वजनिक अशा दोन्ही पातळ्यांवर काम उभे केले.

घरगुती पातळीवरील कार्यात मार्था या महिला संघटनेचा वाटा मोठा आहे. 1899 मध्ये स्थापन झालेल्या व गृहव्यवस्थेचे शिक्षण देणाऱ्या या संघटनेच्या शाखा खेडोपाडी होत्या. तिच्या साहाय्याने गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या संध्याकाळी’ या नावाने मेळावे भरविण्यात आले. तेथे स्त्रिया एकत्र जमून स्वयंपाक करीत व सर्वजण तो जेवीत. कारेलियन पद्धतीचे मांसाचे रटरटीत कालवण या भागात विशेष प्रिय. त्यात मांस व मीठ कमी करून कंदमुळे वाढविली, तरी ते रुचकर लागते, हे चवीनेच पटवून देण्यात आले. परिचयाचा पदार्थ कायम ठेवून त्याचे घटक बदलण्याची ही रीत परक्या आहाराचा पुरस्कार करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरली. याखेरीज गावातील ज्या व्यक्तींच्या शब्दाला मान आहे अशा सु. 800 स्त्रीपुरुषांना अल्प प्रशिक्षण देऊन, आपापल्या परिचितांशी गप्पांच्या ओघात या विषयावर बोलण्याचे काम सोपविण्यात आले.

1972 च्याच प्राथमिक आरोग्य कायद्यामुळे देशभर आरोग्यकेंद्रे उभी राहू लागली होती. त्यांतील परिचारिकांकडे रक्तदाब मोजण्याचे, अतिरक्तदाबाच्या रुग्णांची नोंदवही ठेवण्याचे व त्यांचा पाठपुरावा करण्याचे काम देण्यात आले. 1978 पासून शालेय मुलांसाठी धूम्रपानविरोधी शिक्षण सुरू झाले. समवयस्कांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा, हे मुलांना त्यांच्यापैकीच निवडलेल्या विद्यार्थ्यांकरवी शिकविले जाई. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर धूम्रपान सोडू पाहणाऱ्या सामान्य माणसांच्या गटाची प्रगती दाखविणारी मालिकाही याच सुमारास सुरू झाली व प्रेक्षक घरबसल्या तिचे अनुकरण करू लागले. पुढे 1991 मध्ये कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी गावागावांत स्पर्धाही लावण्यात आल्या.

विरोध व आर्थिक प्रश्न : लोण्याविरुद्धचा प्रचार म्हणजे छोट्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय, अशी दुग्धव्यवसायातील अनेकांची भावना झाली व त्यांनी प्रकल्पाला कडाडून विरोध केला. ही भीती निराधार नव्हती. कारण प्रांताचे अर्थकारणच दुधावर उभे होते. मतभेद शमविण्यास केवळ वैज्ञानिक पुरावे पुरेसे नव्हते, उत्पन्नाचा दुसरा मार्ग आवश्यक होता. 1980 नंतरच्या दशकात शासनाच्या मदतीने स्थानिक रानफळांच्या जातीतील बेरी फळांची लागवड, साठवण व विक्री यांची योजना हाती घेण्यात आली व काही शेतकरी तिच्याकडे वळले. फिनलंडच्या थंड हवामानात येणाऱ्या मोहरीवर्गीय तेलबियांचे उत्पादन वाढून देशी वनस्पतिजन्य तेल उपलब्ध झाले. लोणी व वनस्पतिजन्य तेल यांच्या मिश्रणावरील कायदेशीर निर्बंध शिथिल करण्यात आले. दुधाचा मोबदला ठरविताना स्निग्धांशापेक्षा प्रथिनांना अधिक वजन देण्याकडे धोरण झुकले. सॉसेज बनविणाऱ्या व पाव भाजणाऱ्या उत्पादकांनी मीठ व चरबी यांचे प्रमाण कमी केले. अशा रीतीने ग्राहकाने विशेष निग्रह न करताही त्याच्या ताटातील पदार्थ बदलत गेले.

1977 नंतर प्रकल्पाचे कार्य राष्ट्रीय पातळीवर नेण्यात आले. तत्पूर्वी 1976 मध्ये संमत झालेल्या तंबाखूविषयक कायद्याने तंबाखूच्या जाहिराती, सार्वजनिक जागी धूम्रपान व 16 वर्षांखालील मुलांना विक्री यांवर बंदी घातली होती. मिठाच्या बाबतीत 1993 मध्ये, अधिक मिठाच्या पदार्थांवर तसा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक झाले. फिनलंडमध्ये 1970 नंतरच्या दशकात माणशी रोजचे मीठ 12 ग्रॅ.च्या आसपास होते. शतकाच्या अखेरीपर्यंत त्यात लक्षणीय घट झाली.

परिणाम : प्रकल्पापूर्वी उत्तर कारेलियातील 35 ते 64 वर्षे वयाच्या दर 1 लाख पुरुषांमागे प्रतिवर्षी सु. 650 पुरुष हृद्‌रोहिणी विकाराने मरण पावत. नंतरच्या साडेतीन दशकांत हे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक घटले. 2007 च्या पाहणीत पुरुषांतील कोलेस्टेरॉलची सरासरी 100 मिलि.मध्ये सु. 210 मिग्रॅ.पर्यंत उतरली होती व रक्तदाबाची सरासरी पुरुषांत 138/83, तर स्त्रियांत 134/78 झाली होती. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 52 वरून 31 टक्क्यांवर आले. फिनलंडमधील पुरुषांचे सरासरी आयुर्मान 1970 च्या सुमारास 66 वर्षे होते, ते 2006 मध्ये 76 वर्षांच्या आसपास पोहोचले. अर्थात त्यास इतरही कारणे आहेत.

मूल्यमापन : या यशातील नेमका किती वाटा प्रकल्पाचा, याविषयी तज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. प्रयोगासाठी प्रांताची निवड यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती आणि क्वोपिओतील मृत्युमानही लवकरच घटू लागले. प्रकल्पाचा संदेश वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांमधून शेजारच्या प्रांतातही पोहोचत होता. त्यामुळे तुलनेसाठी निवडलेले क्षेत्र अलिप्त राहिले नाही. देशभर चाललेला बदल व प्रांतातील प्रयत्न यांचे परिणाम एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे करणे म्हणूनच शक्य होत नाही. मात्र सवयींतील बदल महत्त्वाचा ठरला, याबद्दल फारसे दुमत नाही. फिनलंडमधील 1982 ते 1997 या काळातील मृत्युमानाच्या विश्लेषणानुसार घटीपैकी निम्म्याहून अधिक भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान यांतील घटीमुळे, तर सु. एक चतुर्थांश भाग सुधारलेल्या उपचारांमुळे साधला.

काही बाबतींत अपेक्षित फळ मिळाले नाही. स्त्रियांमध्ये धूम्रपानाचे प्रमाण 1972 मध्ये 10 टक्के होते, ते 2007 पर्यंत 18 टक्क्यांवर गेले. यंत्रांमुळे जंगलतोड व शेती यांतील श्रम कमी झाले आणि लठ्ठपणा वाढला. 2012 च्या पाहणीत कोलेस्टेरॉलची सरासरीही पुन्हा काहीशी वर चढलेली आढळली. एकदा बदललेली सवय कायमची टिकतेच असे नाही. प्रत्येक पिढीत ती नव्याने जोपासावी लागते, असे यावरून दिसते.

भारताच्या संदर्भात : पेक्का पुस्का यांनी 2001 ते 2003 या काळात जागतिक आरोग्य संघटनेत असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचे काम पाहिले आणि कारेलियाचा अनुभव विकसनशील देशांपुढेही मांडला गेला. 52 देशांतील रुग्णांची तुलना करणाऱ्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने 2004 मध्ये दाखवून दिले, की धूम्रपान, रक्तातील प्रतिकूल स्निग्ध घटक, अतिरक्तदाब, मधुमेह, पोटावरील मेद, मानसिक ताण, फळे-भाज्यांची उणीव, मद्यपानाची रीत व व्यायामाचा अभाव या नऊ घटकांवरून पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याच्या जोखमीपैकी सु. 90 टक्के जोखमीचा उलगडा होतो. हे घटक सर्व खंडांत सारखेच आढळले. दक्षिण आशियातील लोकांना मात्र पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सु. सहा वर्षे आधी येतो, असे याच अभ्यासाच्या 2007 मधील अहवालात नमूद आहे. तेथेही मुख्य कारण हे घटक लहान वयातच अंगी जडतात, हे होय.

भारतीय परिस्थितीत लोण्याची जागा वनस्पती तूप व पुन्हापुन्हा तापविलेले तळणाचे तेल यांनी, तर सिगारेटची जागा बऱ्याच अंशी बिडी, मशेरी, तंबाखू व गुटखा यांनी घेतलेली आहे. पापड, लोणची, फरसाण यांतून पोटात जाणारे मीठ सहसा हिशेबात धरले जात नाही. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास 2008 पासून लागू झालेली बंदी, महाराष्ट्र शासनाची 2012 मधील गुटखाबंदी, स्निग्ध पदार्थांतील अपायकारक ट्रान्स वसाम्लांवर 2022 पासून घातलेली 2 टक्क्यांची मर्यादा आणि 2017 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झालेला अतिरक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम ही पावले कारेलियाच्या मार्गाशी मिळतीजुळती आहेत. तथापि कायद्याची धार त्याच्या अंमलबजावणीवर अवलंबून असते. कारेलियात कायद्याच्या जोडीला गावातील स्त्रियांचे मेळावे, परिचारिकेची नोंदवही व शेतकऱ्यासाठी पर्यायी पीक होते. हृदयाला हितकारक असे अन्न स्वस्त, चविष्ट व हाताशी असणारे झाले, म्हणजे ते खाण्यासाठी मनोनिग्रहाची फारशी गरज उरत नाही. ज्या लाकूडतोड्यांची मुले पोरकी होत होती, त्यांच्याच गावांत पुढील पिढीचे पुरुष नातवंडे पाहू शकले, हे या प्रकल्पाचे सर्वांत मोठे फलित मानावे लागेल.